मॅक्रिनेचे दुसरे नाव

वाचकहो, आपल्या मंडळीची बाप्तिस्म्याची नोंदवही कधी चाळायला मिळाली, तर मुलींच्या नावांकडे अवश्य लक्ष द्या. मरिया, मार्था, रूथ, एस्तेर पानोपानी भेटतील. लुदिया, फिबी, युनीस अधूनमधून भेटतील. थेक्ला हे नाव मात्र बहुधा भेटणार नाही. पवित्र शास्त्रात ते नाही, म्हणून आपल्याकडे ते रुजले नाही, हे उघड आहे. परंतु एके काळी पूर्वेकडील ख्रिस्ती कुटुंबांत ते मोठ्या आदराने उच्चारले जात असे, आणि मंडळीच्या इतिहासातील एका थोर स्त्रीने ते जन्मापासून मृत्यूपर्यंत बाळगले, तेही चारचौघांत उघड न करता. जगाने तिला मॅक्रिना म्हणून ओळखले.

तिचा जन्म इ.स. 327 च्या सुमारास झाला. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या आरंभी पंत, गलतिया, कप्पदुकिया अशी प्रांतांची नावे तुम्ही वाचली आहेत. त्यांपैकी पंत प्रांत हा या कुटुंबाचा. वडील बेसिल हे वक्तृत्वशास्त्राचे नामांकित शिक्षक, आई एमेलिया. मॅक्रिना त्यांचे पहिले अपत्य. तिच्या पाठच्या भावांपैकी कैसरियाचा बिशप बेसिल आणि निस्साचा बिशप ग्रेगरी ही नावे ईश्वरविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतात. याच ग्रेगरीने बहिणीच्या मृत्यूनंतर तिचे चरित्र लिहिले, आणि म्हणूनच आपल्याला तिचे दुसरे नाव कळले.

तो सांगतो ते असे. प्रसूतीची वेळ जवळ आली असता एमेलियेला डुलकी लागली. अजून न जन्मलेले मूल आपल्या हातांत आहे, असे तिला स्वप्नात दिसले. आणि मानवापेक्षा भव्य अशा एका पुरुषाने त्या बाळाला थेक्ला या नावाने तीन वेळा हाक मारली. तो अदृश्य झाला, ती जागी झाली, आणि प्रसूती सुखरूप पार पडली. घरच्यांनी मुलीला आजीचे नाव दिले. थेक्ला हे नाव घरातच राहिले. ग्रेगरीच्या मते ती हाक नाव सुचविण्यासाठी नव्हतीच. ही मुलगी पुढे कोणत्या वाटेने जाणार, हे आईला कळावे म्हणून ती होती.

ही थेक्ला कोण? दुसऱ्या शतकातील एका ग्रंथात तिची कथा आहे. इकुन्यातील ही तरुणी, थामिरिस नावाच्या प्रतिष्ठित पुरुषाशी तिचा वाङ्‌निश्चय झालेला. शेजारच्या घरी पौल उपदेश करीत होता. ती खिडकीशी तीन दिवस खिळून बसली, आणि उठली ती विवाह न करण्याचा निश्चय करूनच. प्रत्यक्ष आईनेच तिला जाळण्याची मागणी केली. पावसाने आग विझली. पुढे अंत्युखियात तिला श्वापदांपुढे टाकले, तेव्हा एका सिंहिणीने तिचे रक्षण केले. या कथेचे मोल आपण तारतम्यानेच केले पाहिजे. हा ग्रंथ आपल्या पवित्र शास्त्राचा भाग नाही. तो आशिया प्रांतातील एका वडिलाने पौलावरील प्रेमापोटी रचला, तसे त्याने कबूलही केले आणि त्याला पदावरून दूर व्हावे लागले, अशी नोंद तेर्तुल्यनाने करून ठेवली आहे. तरीही छळाच्या काळात त्या कथेने असंख्य स्त्रियांना बळ दिले, हेही तितकेच खरे.

थेक्ला हे थिओक्लेइया या नावाचे आटोपशीर रूप मानले जाते. थिओस म्हणजे देव, क्लेओस म्हणजे कीर्ती. अर्थात देवाचा गौरव. गंमत अशी की त्या ग्रंथात जाळण्याची मागणी करणाऱ्या आईचे नावच थिओक्लेइया आहे! एकच नाव, आईने पूर्ण धारण केलेले आणि मुलीने जगून दाखविलेले. आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिणेतील सलूकियाजवळ (प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायातील बंदर ते हे नव्हे) थेक्लेचे मोठे स्मारक होते. इ.स. 384 मध्ये एगेरिया नावाची यात्रेकरू स्त्री तेथे गेली आणि तिने ती कथा तेथेच वाचली. ते नाव पुढे दूरवर गेले. आठव्या शतकात बोनिफेसच्या सेवाकार्याला साहाय्य करण्यासाठी जर्मनीत गेलेल्या इंग्रज भगिनींत एक थेक्ला होती. स्पेनमधील तारागोना नगराची ती आश्रयदाती संत. सीरियातील मालूला गावी तिच्या नावाचा मठ आहे. 2013 च्या डिसेंबरात तेथील भगिनींचे अपहरण झाले आणि 2014 च्या मार्चमध्ये त्यांची सुटका झाली. इथिओपियातील तक्ला या नावाशी मात्र त्याची गल्लत करू नये. तेथे त्या शब्दाचा अर्थ रोप असा आहे. मुंबईत डॉटर्स ऑफ सेंट पॉल या संघाच्या पुस्तकभांडारात तुम्ही कधी गेला असाल, तर त्या संघाच्या पहिल्या प्रमुख भगिनी तेरेसा मेर्लो यांनी व्रतस्थ जीवनासाठी हेच नाव घेतले होते, हे आठवा. इतके फिरूनही ते नाव कोठेच मरियेसारखे सर्वसामान्य झाले नाही.

आता आजीच्या नावाविषयी. मॅक्रिना हे मॅक्रिनस या लॅटिन पुरुषनामाचे स्त्रीरूप आहे. त्या कुटुंबात त्याला शब्दार्थापेक्षा मोठा अर्थ होता. थोरली मॅक्रिना आणि तिचा पती छळाच्या दिवसांत सुमारे सात वर्षे पंतच्या अरण्यात लपून राहिले होते. एमेलियेच्या वडिलांना बादशहाच्या कोपामुळे प्राण गमवावे लागले होते. तीमथ्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस हिच्या ठायी होता, असे पौल लिहितो. या घरातही तसेच घडले. म्हणजे नातीच्या वाट्याला दोन नावे आली: एक सहन केलेल्या छळाचे, दुसरे अजून घडायच्या आयुष्याचे.

आईने तिला ग्रीक कवींच्या पुराणकथा शिकविल्या नाहीत. शलमोनाचा ज्ञानग्रंथ आणि स्तोत्रे हेच तिचे पाठ. लोकर कातण्यातही तिचा हात चांगला होता. बाराव्या वर्षी वडिलांनी एका होतकरू तरुण वकिलाशी तिचा वाङ्‌निश्चय केला. विवाहापूर्वीच तो वारला. मुलगी रूपवती होती, दुसरी स्थळे येऊ लागली. तिने ठाम नकार दिला. जन्म एकदाच, मृत्यू एकदाच, तसा विवाहही एकदाच. आणि पुनरुत्थानाची आशा असेल तर तो तरुण मृत नसून केवळ दूरदेशी गेला आहे, हा तिचा युक्तिवाद. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. आपल्या घरांत आजही अविवाहित राहू पाहणाऱ्या मुलीपाशी काकू-मावश्या किती युक्तिवाद करतात, ते तुम्हाला माहीत आहे. या बालिकेने पुनरुत्थानाच्या सिद्धांतालाच आपली ढाल केले. थेक्लेने वाङ्‌निश्चय मोडला होता. हिने तो पाळला, आणि तरी त्याच वाटेला लागली.

वडिलांच्या मृत्यूनंतर तिने आईची सावलीसारखी साथ केली. दासी असतानाही आईची भाकर ती स्वतःच्या हातांनी भाजी. धाकट्या पेत्राला तिनेच वाढविले, शिकविले. बेसिल अथेन्सहून वक्तृत्वाचा गर्व घेऊन परतला, तेव्हा त्याला साध्या, श्रमाच्या जीवनाकडे तिने वळविले, असे ग्रेगरी सांगतो. बेसिलच्या उपलब्ध पत्रांत आजी मॅक्रिनेविषयी कृतज्ञता आहे. बहिणीचा उल्लेख नाही. थोरांनाही काही ऋणे शब्दांत उतरवता येत नाहीत, की उतरवावीशी वाटत नाहीत? मला तरी बेसिलचे हे मौन खटकते.

दुसरा भाऊ नौक्रातियस शिकारीला गेला असता अकस्मात मरण पावला, तेव्हा कोसळलेल्या आईला तिने सावरले. स्वतःचे दुःख गिळून. मग आयरिस नदीकाठच्या आपल्या वतनावर तिने मठवासी जीवन सुरू केले. त्यात एक गोष्ट त्या काळी विलक्षण होती. घरच्या दासींना तिने बहिणी मानले आणि आईलाही तसे करायला लावले: एकच पंगत, एकसारखी अंथरुणे, एकच दिनक्रम. दुष्काळात रस्त्यावर टाकून दिलेल्या मुलींना तिने घरी आणून वाढविले.

बेसिलच्या मृत्यूनंतर सुमारे नऊ महिन्यांनी ग्रेगरी तिला भेटायला आला. कित्येक वर्षांनी भावंडांची भेट होत होती. मॅक्रिना जमिनीवर, गोणपाट घातलेल्या फळीवर तापाने फणफणत पडली होती. भाऊ रडू लागला. ती मात्र आत्मा आणि पुनरुत्थान यांविषयी बोलू लागली. त्या संभाषणावर ग्रेगरीने पुढे स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्यात मॅक्रिनेला गुरूचे स्थान देऊन स्वतः शिष्याची भूमिका घेतली. दुसऱ्या दिवशी, संध्याकाळचा दिवा आणला तेव्हा तिने ओठांनी प्रार्थना पुरी केली आणि प्राण सोडला.

अंत्यविधीसाठी चांगले वस्त्र शोधू लागले, तर जीर्ण झगा, डोक्यावरचे वस्त्र आणि झिजलेले जोडे एवढेच निघाले. वेस्तियाना नावाच्या भगिनीला तिच्या गळ्यातील दोऱ्यात लोखंडी क्रूस आणि अंगठी सापडली. क्रूस वेस्तियानेने ठेवावा, आपल्याला अंगठी पुरे, असे ग्रेगरीने ठरविले. अंगठी आतून पोकळ आहे आणि प्रभूच्या क्रूसाच्या लाकडाचा तुकडा तिच्यात जपलेला आहे, हे वेस्तियानेने त्याला त्यानंतर सांगितले.