शिरोळच्या वेणूताई आणि लंडनचा मायक्रोफोन

बीबीसीचा १९४२ सालचा एक फोटो पुस्तकांतून बरेचदा छापला जातो. मायक्रोफोनभोवती जमलेली मंडळी आहेत टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, जॉर्ज ऑर्वेल वगैरे. आणि त्यांच्यातच साडी नेसून बसलेली एक बाई. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा ही कोण, हेच आधी शोधलं. तर ही आपल्या शिरोळची वेणू चितळे!

कोल्हापूरजवळच्या शिरोळची ही मुलगी पुण्याच्या हुजूरपागेत शिकली आणि १९३४ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेली. त्या काळी मुलीला मॅट्रिक होऊ देणं म्हणजेच पुष्कळ, तिथे ही थेट सातासमुद्रापार! पुढे महायुद्ध पेटलं, लंडनवर बाँब पडू लागले, आणि १९४० मध्ये वेणूताई बीबीसीत रुजू झाल्या.

काम काय होतं? तर भारतासाठी बोलायचं. ऑर्वेल तिथे १९४१ ते १९४३ नोकरीला होते. ते युद्धाच्या घडामोडींवर दर आठवड्याला इंग्रजीत वार्तापत्र लिहीत. त्याची मराठी, गुजराती, बंगाली अशा भाषांतून रूपांतरं होत. मराठीची जबाबदारी होती वेणूताईंवर. रणगाडे, पाणबुड्या, आघाड्या हे सगळं घरातल्या आजीलाही कळेल अशा मराठीत सांगायचं म्हणजे गंमत नव्हे. शिवाय प्रत्येक मजकूर आधी सेन्सॉरकडून पास व्हायचा. बोलणारा ठरलेल्या मजकुराबाहेर गेलाच, तर बटण बंद करायला माणूस बसलेला असे.

मला खरी अडचण इथेच वाटते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये इकडे 'चले जाव'ची हाक उठली, पुढारी तुरुंगात गेले, आणि तिकडे या बाई सरकारी रेडिओवरून बोलत होत्या. त्याच वेळी त्या कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगशीही जोडलेल्या होत्या, म्हणजे मनाने स्वातंत्र्याच्याच बाजूच्या. हिटलर जिंकू नये आणि इंग्रजही जावेत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात घेऊन रोज कामावर जायचं. घरात सासर-माहेर सांभाळतानाच आपली तारांबळ उडते, इथे तर दोन देश होते! कोणी म्हणेल, नोकरी सोडायची होती. मला नाही तसं वाटत. मराठी ऐकणाऱ्यांना जगाची खबर मराठी बाईच्या तोंडून मिळत होती, हे मला कमी वाटत नाही.

मांस, लोणी, साखर रेशनवर असताना तिथल्या 'किचन फ्रंट' कार्यक्रमात त्यांनी इंग्रज गृहिणींना शाकाहारी पदार्थही सांगितले. आपल्या स्वयंपाकघरातली शिदोरी कुठे कामाला आली पाहा!

१९४७ अखेर त्या मायदेशी परतल्या. १९५० मध्ये दोन गोष्टी घडल्या. एका पुणेरी ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्यांवरची त्यांची इंग्रजी कादंबरी 'इन ट्रान्झिट' प्रसिद्ध झाली, आणि लग्न होऊन वेणू चितळेंच्या लीला गणेश खरे झाल्या. नाव आणि आडनाव, दोन्ही बदलली. त्यांना ओळखणं अवघड होऊन बसलं ते बहुधा त्यामुळेच.

दुसरी कादंबरी यायला १९९३ साल उजाडलं. मध्ये गेली त्रेचाळीस वर्षं. तिचं नाव 'इन्कॉग्निटो', म्हणजे ओळख लपवून राहिलेली. १९९५ मध्ये वेणूताई गेल्या.