बर्थाबाई सुटनर : शांततेसाठी शाळा आणि न्यायालय मागणारी बाई



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत ऑस्ट्रिया देशातल्या एका बाईचे चरित्र कशाला, असं कुणी विचारील. कलिंगचा रक्तपात पाहून सम्राट अशोकाचं मन पालटलं, ही गोष्ट आपल्या घरातल्या लहान पोरालाही माहीत आहे. पण जिच्याकडे ना राज्य होतं ना सैन्य, अशा बाईने युद्धाविरुद्ध जन्म कसा झिजवला, तेही आपल्या मुलांना कळावं म्हणून आम्ही ही अल्पशी ओळख करून देत आहोत.

बर्था फॉन सुटनर यांचा जन्म ९ जून १८४३ रोजी प्राग शहरात झाला. घराणे सरदारांचे, वडील लष्करात मोठ्या हुद्द्यावर. पण मुलगी जन्मण्याआधीच ते वारले. आईला जुगाराचा नाद लागला आणि होतं नव्हतं ते गेलं. १८७३ साली तिशीत बर्थाबाईंना व्हिएन्नातल्या सुटनर कुटुंबात मुलींना शिकवायची नोकरी धरावी लागली. त्या घरचा मुलगा आर्थर त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. दोघांचं मन जुळलं, घरच्यांना ते पसंत पडलं नाही, नोकरी सुटली. पॅरिसला डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल यांच्याकडे त्या चिटणीस म्हणून गेल्या, पण थोड्याच दिवसांत परतल्या. १८७६ साली दोघांनी गुपचूप लग्न केलं आणि कॉकेशसमध्ये, म्हणजे आजच्या जॉर्जियात, निघून गेले. तिथे १८८५ पर्यंत भाषेच्या आणि संगीताच्या शिकवण्या करून, लेख लिहून पोट भरलं. रशिया आणि तुर्कस्तान यांच्या १८७७ च्या युद्धाची झळ त्यांनी तिथेच पाहिली.

१८८९ साली त्यांची ‘शस्त्रे खाली ठेवा’ ही कादंबरी निघाली. आधी प्रकाशक ती छापायला तयार नव्हते. कादंबरीतली मार्था इतिहासाची पुस्तकं वाचून लढाईतल्या पराक्रमाची स्वप्नं बघत मोठी होते. पुढे तिचा पहिला नवरा रणांगणावर पडतो. दुसऱ्याला पॅरिसमध्ये हेर समजून गोळ्या घालतात. तेव्हा तिला कळतं की शाळेत आपल्याला फक्त विजयाचे पोवाडे शिकवले, विधवांचा हिशेब कुणी शिकवलाच नाही. पुस्तक अनेक भाषांत गेलं.

बर्थाबाई नुसतं रडगाणं गात बसल्या नाहीत. देशादेशांतले तंटे मिटवायला लवाद पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. लवाद म्हणजे काय ते आम्हा गिरणी कामगारांना सांगायला नको. मालकाशी तंटा झाला तर आपण सुरा काढत नाही, कोर्टाची पायरी चढतो. तारखा पडतात, चपला झिजतात, पण माणसं जिवंत राहतात. राष्ट्रांना मात्र अशी पायरीच नव्हती. १८९९ साली हेग येथे २६ देशांची परिषद भरली. तिच्या उद्घाटनाला हजर राहिलेल्या त्या एकट्या स्त्री होत्या. त्या परिषदेतून स्थायी लवाद न्यायालय जन्मले. पण न्यायालयात जाणं सक्तीचं करायला जर्मनीने विरोध केला. ज्याला यायचं तो येईल, अशी पळवाट राहिली.

१८९१ साली बर्थाबाईंनी ऑस्ट्रियात शांतता संघटना काढली. त्याच वर्षी आर्थर यांनी ज्यूंच्या द्वेषाविरुद्ध संस्था उभी केली, तिलाही त्यांची साथ होती. माणसामाणसांतला द्वेष आणि देशादेशांतलं युद्ध एकाच मुळातून उगवतात, हे आम्हाला वेगळं सांगायला नको. नोबेल यांना त्या पत्रं लिहीत राहिल्या. नोबेलनी मृत्युपत्रात शांततेचं पारितोषिक ठेवलं, त्यात या पत्रांचा मोठा वाटा मानतात. १९०५ साली ते पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. पण वाट सोपी नव्हती. वर्तमानपत्रांनी टिंगलीची चित्रं काढली. १९०२ साली आर्थर गेले आणि कर्जापायी घरदारही गेलं. तरी त्या अमेरिकेपर्यंत व्याख्यानं देत फिरल्या. १९१२ साली, विमानं नवी असतानाच, आभाळातून होणाऱ्या युद्धाचा धोका त्यांनी पुस्तिका लिहून सांगितला.

२१ जून १९१४ रोजी त्या वारल्या. पुढच्याच आठवड्यात साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि महिनाभरात पहिलं महायुद्ध पेटलं. त्याच वर्षी व्हिएन्नात भरायची शांतता परिषद भरलीच नाही.

मग बाईंचे कष्ट वाया गेले काय? आम्हाला तसं वाटत नाही. २०१२ साली केरळच्या किनाऱ्याजवळ इटलीच्या नौसैनिकांनी दोन मच्छीमारांना गोळ्या घातल्या. ते प्रकरण हेगच्या त्याच न्यायालयाच्या व्यवस्थेतल्या लवादापुढे गेलं. २०२० साली निकाल लागला. नौसैनिकांवर खटला भारतात चालला नाही, याचं दुःख आहेच. पण भरपाईचा हक्क मान्य झाला आणि इटलीने १० कोटी रुपये भरले. दोन गरिबांच्या जिवासाठी एका सरकारला जाब द्यावा लागला, आणि त्यासाठी एकही तोफ डागली गेली नाही.

न्याय अपुरा असेल तर तो पुरा करायला झगडायचं. कोर्ट मोडायचं नाही. म्हणून आमची विनंती एवढीच. पोरांचं इतिहासाचं पुस्तक एकदा हातात घ्या. लढाई कुणी जिंकली हे त्यांनी पाठ करावंच, पण त्या लढाईत मेलं कोण, हेही त्यांना विचारायला शिकवा.

जय भीम!