घाटावरचा एकटा

आंबोलीचा घाट सायकलने चढलेल्या माणसाला एकटेपणा म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सायकलने सावंतवाडीला मावशीकडे गेलो होतो. जाताना आंबोलीपासून पुढे उतारच उतार, त्यामुळे मी राजा होतो. येताना दाणोली मागे पडली आणि माझे राज्य संपले. भल्या सकाळची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला कडा. सहाव्या की सातव्या वळणावर मी मुकाट्याने खाली उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. माझा एक कानडी वर्गमित्र घाटाला ‘घट्ट’ म्हणतो. कानडीतला घट्ट म्हणजे आपला घाट; पण त्या दिवशी मला मराठीतला घट्ट आठवला. घाट चढायला माणूस घट्ट लागतो!

असा एक घट्ट माणूस इटलीत होऊन गेला. त्याचे नाव फाउस्तो कोप्पी. १५ सप्टेंबर १९१९ रोजी कास्तेल्लानिया नावाच्या डोंगरावरच्या लहानशा खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. शाळेत मन रमेना, म्हणून तेराव्या वर्षी तो नोवी लिगुरे या गावी एका खाटकाच्या दुकानात कामाला लागला. सायकलवरून गिऱ्हाइकांच्या घरी माल पोचवायचा, हे त्याचे काम. मी स्वतः पहाटे घरोघर वर्तमानपत्रे टाकतो, त्यामुळे हे वाचले तेव्हा हा परदेशी मुलगा मला आमच्याच गल्लीतला वाटला. शर्यतीची सायकल घेण्यासाठी त्याला पैसे दिले ते एका काकाने.

त्याच गावात बियाजो काव्हान्ना नावाचा मालिश करणारा होता. हा गृहस्थ आंधळा होता. डोळ्यांनी जे दिसले नसते ते त्याला बोटांनी कळे. फाउस्तोचे पाय हाडकुळे, छाती पुढे आलेली. चालताना तो बेढबच दिसे. पण त्या अंगात काय दडले आहे ते या आंधळ्याने ओळखले. काय खायचे, किती झोपायचे, किती मैल सायकल मारायची, सगळी शिस्त त्यानेच लावली.

१९४० साली इटलीची देशप्रदक्षिणेची मोठी शर्यत, जिरो द इटालिया, सुरू झाली. कोप्पी तीत उतरला तो जिंकण्यासाठी नव्हे, तर आपल्या संघाचा नायक जीनो बार्ताली याला मदत करण्यासाठी. पण सुरुवातीलाच एक कुत्रा आडवा आला, बार्ताली पडला आणि मागे राहिला. पुढे आपेनाइन पर्वतातला आबेतोनेचा घाट लागला. कोप्पी तिथे सर्वांना सोडून निघाला आणि आघाडीवीराचा गुलाबी सदरा त्याच्या अंगावर आला. ९ जूनला मिलान शहरात तो विजयी झाला. वय वर्षे वीस! एवढ्या लहान वयात ही शर्यत आजवर दुसऱ्या कोणी जिंकलेली नाही. आणि दुसऱ्याच दिवशी, १० जूनला, इटली महायुद्धात उतरली.

तारुण्याची उमेदीची वर्षे युद्धाने गिळली. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्याने मिलानच्या धावपट्टीवर एका तासात ४५.७९८ किलोमीटर अंतर कापून जागतिक विक्रम केला, तेव्हा त्या शहरावर बाँब पडत होते. पुढच्याच वर्षी तो ट्युनिशियात इंग्रजांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला. परत आला तेव्हा देश उद्ध्वस्त झालेला होता. १९४६ च्या मिलान–सान रेमो शर्यतीत हाच कैदी जवळजवळ दीडशे किलोमीटर एकट्याने पुढे राहून चौदा मिनिटांच्या फरकाने जिंकला.

पण त्याचे नाव निघाले की लोकांना आठवतो तो १० जून १९४९ चा दिवस. कूनेओ ते पिनेरोलो, २५४ किलोमीटर, आणि वाटेत आल्प्सचे पाच घाट : मादालेना, वार्स, इझोआर, मोंजनेव्र आणि सेस्त्रिएरे. इटलीतून फ्रान्समध्ये जायचे आणि पुन्हा इटलीत उतरायचे. एकटा इझोआर २,३६० मीटर उंच. आपली आंबोली ७०० मीटरच्या आसपास! त्या काळी हे रस्ते बहुतेक कच्चे. पहिल्याच घाटावर कोप्पी पुढे निघाला तो कोणाला पुन्हा दिसलाच नाही. १९२ किलोमीटर तो एकटा होता. पिनेरोलोला पोचून त्याने श्वास घेतला, त्यानंतर अकरा मिनिटे बावन्न सेकंदांनी दुसरा सायकलपटू आला. तो बार्ताली होता. त्याच वर्षी कोप्पीने फ्रान्सची प्रदक्षिणाही जिंकली. एकाच वर्षी दोन्ही शर्यती जिंकणारा तो पहिला.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना जमेची बाजू पाहिली की नावेची बाजू पाहायची सवय असते. जमेला पाच जिरो, दोन फ्रान्स प्रदक्षिणा, १९५३ चे जगज्जेतेपद. नावेला काय? त्याचा धाकटा भाऊ सेर्से हा त्याचा सोबती, शर्यतीतही आणि घरीही. जून १९५१ मध्ये तुरीन शहरात त्याचे चाक ट्रामच्या रुळात अडकले आणि तो डोक्यावर पडला. उठून सायकलवर बसून मुक्कामावर गेला आणि त्याच दिवशी वारला. पुढे कोप्पीचे आणि एका डॉक्टरच्या पत्नीचे प्रेम जमले. दोघेही विवाहित. इटलीत तेव्हा घटस्फोट नव्हता आणि व्यभिचार हा गुन्हा होता. १९५५ साली खटला होऊन दोघांना शिक्षा झाली. काल खांद्यावर घेणाऱ्या लोकांनी आज तोंड फिरवले. उत्तेजक गोळ्या घेतल्याचेही त्याने पुढे उघड कबूल केले. तो देव नव्हता, हे मला लपवायचे नाही.

डिसेंबर १९५९ मध्ये आफ्रिकेतल्या अप्पर व्होल्टा, म्हणजे आजच्या बुर्किना फासो, या देशात तो काही फ्रेंच सायकलपटूंबरोबर एका शर्यतीला आणि शिकारीला गेला. राफाएल जेमिनियानी हा फ्रेंच मित्र बरोबर होता. दोघेही आपापल्या घरी परतले आणि दोघांनाही कडकडून ताप भरला. फ्रान्समध्ये जेमिनियानीचे रक्त तपासले. हिवताप निघाला. क्विनाइन, म्हणजे आपल्या जुन्या माणसांचे कोयनेल, दिले आणि तो वाचला. इकडे इटलीत डॉक्टरांनी कोप्पीच्या छातीवर उपचार केले. रक्तात काय आहे ते पाहिलेच नाही. २ जानेवारी १९६० रोजी तोर्तोना गावच्या रुग्णालयात तो गेला. वय अवघे चाळीस. जेमिनियानी २०२४ साली वारला, वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी!

एकाच प्रवासातून आलेला तोच ताप. एकाचे आयुष्य संपले आणि दुसऱ्याला पुढे चौसष्ट वर्षे मिळाली. फरक होता एका रक्ताच्या थेंबाचा. आणि हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात प्रथम दिसला तो कुठे, तर आपल्या सिकंदराबादेत. रोनाल्ड रॉसने १८९७ सालीच तो शोधला होता. ज्ञान बासष्ट वर्षांचे जुने होते, औषध त्याहून जुने होते. कमी पडले ते विचारणे.

हे वाचताना माझे हात थरथरले, त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी माझे वडील मालमोटारीची गोव्याची खेप करून आले आणि थंडी वाजून तापाने फणफणले. एका दवाखान्यात साधा ताप म्हणून गोळ्या मिळाल्या. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी आईने कोणाचे न ऐकता त्यांना आरोग्य केंद्रात नेले. तिथल्या बाईंनी बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेतले. हिवताप! वडील आज गाडी चालवतात. आई चौथी शिकलेली आहे.

कोप्पीला लोक घाटावरचा एकटा म्हणून ओळखतात. पण काकाचे पैसे, आंधळ्याची बोटे आणि भावाची साथ त्याच्या मागे होती म्हणून तो घाटावर एकटा जाऊ शकला. शेवटच्या चढावर मात्र तो खराच एकटा पडला. आज जिरोतल्या सर्वांत उंच घाटाला त्याचे नाव देतात, त्याच्या गावालाही २०१९ पासून कास्तेल्लानिया कोप्पी म्हणतात, आणि तिथे दोघे भाऊ शेजारी शेजारी विसावले आहेत.

येत्या सुट्टीत मी पुन्हा आंबोली चढणार आहे. सायकल ढकलावी लागली तरी आता लाज वाटणार नाही. फक्त या खेपेस त्या कानडी मित्राला बरोबर घेणार आहे.