सहकारातले धनंजयराव

स्मरणिका समितीने लेख मागितला, तेव्हा सोसायटीच्या आठवणी लिहायचं मनात होतं. पण त्या बाकीचे लिहितीलच. मी आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले, इथे अकरा वर्षं खजिनदारी केली. या काळात ज्या माणसाची मला सारखी आठवण यायची, त्यांच्याविषयीच लिहितो. ते म्हणजे धनंजयराव गाडगीळ.

जन्म १० एप्रिल १९०१, नाशिकचा. शिक्षण केंब्रिजला. भारतीय उद्योगांच्या वाटचालीवरचं त्यांचं पुस्तक १९२४ साली आलं, म्हणजे वय अवघं तेवीस! १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, तिचे ते पहिले संचालक.

असा प्राध्यापक एरवी व्याख्यान देऊन परतीची एस.टी. पकडतो. धनंजयराव मात्र नगर जिल्ह्यातल्या लोणीला अडकले ते अडकलेच. ऊस पिकवायचा शेतकऱ्याने आणि साखरेचा नफा खासगी कंपनीचा, हे तिथलं दुखणं. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून भाग गोळा करत होते. पण छोट्या शेतकऱ्यांच्या पैशातून लाखोंची यंत्रं कशी येणार? तेव्हा मुंबई राज्याचे अर्थमंत्री होते वैकुंठभाई मेहता, स्वतः सहकारी बँकेत मुरलेले. सरकारने कारखान्याचे भाग घेतले, औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिलं आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा कारखाना सुरू झाला. अध्यक्ष धनंजयराव!

खरी गोम पुढेच आहे. सरकारने पैसा घातला की मालक कोण? सरकारने सहकारापासून लांब राहावं, नाहीतर सभासद लाचार होतील, असं मानणारी बरीच जाणती माणसं होती. पण १९५१-५२ ची पाहणी झाली तेव्हा शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला. बाकी बराचसा व्यवहार सावकाराकडे. गोरवाला समितीत धनंजयरावही होते. समितीने १९५४ साली सांगितलं की सरकारने संस्थांच्या भागभांडवलात भागीदार व्हावं आणि सभासदांचं भांडवल वाढेल तसे आपले भाग हळूहळू काढून घ्यावेत. मूल चालायला लागलं की पांगुळगाडा बाजूला ठेवतो ना, तसं. पुढे सगळीकडे तो बाजूला ठेवला गेला नाही, ते आपण पेपरात वाचतोच.

१९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत वाटण्याचं 'गाडगीळ सूत्र' ते यांचंच. ३ मे १९७१ रोजी ते गेले.

आता आपलं. आठव्या वर्षी आपल्या कमिटीसाठी कोणी फॉर्मच भरेना. पाण्याची टाकी गळत होती, लिफ्ट बंद, वर्गणी थकलेली. सभेत एकमत होत आलं होतं की सरकारी प्रशासक आणा, डोक्याची कटकट जाईल. मी उठून दोन मिनिटं प्रवरेची गोष्ट सांगितली. लोक हसले, कुणीतरी चहा आणा म्हणालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सात फॉर्म आले, त्यातला एक माझा. खजिनदारी गळ्यात पडली ती अशी. टाकीची गळती थांबायला मात्र पुढचे दोन पावसाळे गेले.