संत बहिणाबाई : कीर्तनातील भाव आणि संसारातील कसोटी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात शिऊर हे गाव आहे. जगद्गुरू श्रीतुकाराम महाराजांच्या शिष्या संत बहिणाबाई यांची समाधी या गावी आहे. बहिणाबाई म्हटले की आज बहुतेकांना खानदेशातील कवयित्री बहिणाबाई चौधरी आठवतात. त्या विसाव्या शतकातील होत. येथे ज्यांचे चरित्र देत आहोत त्या बहिणाबाई त्यांच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी, इ.स. 1628 मध्ये जन्मल्या आणि इ.स. 1700 मध्ये समाधिस्थ झाल्या. नामसाम्यामुळे होणारा हा घोटाळा प्रारंभीच दूर केलेला बरा.

संतचरित्रे बहुधा शिष्यांनी किंवा नंतरच्या चरित्रकारांनी लिहिलेली असतात. बहिणाबाईंचे तसे नाही. स्वतःच्या जन्मापासूनची हकिकत त्यांनी स्वतःच आत्मनिवेदनाच्या अभंगांतून सांगितली आहे. कीर्तन ऐकताना आपले काय होत असे, ध्यानात काय दिसले, त्यापायी घरात काय सोसावे लागले आणि मन कोठे डळमळले, हे सारे त्यात आले आहे. भक्तिभावाच्या अनुभवाचे एका स्त्रीने तीनशे वर्षांपूर्वी केलेले इतके प्रांजळ कथन आपल्या भाषेत दुर्मीळ आहे. कीर्तनास बसणाऱ्या प्रत्येक भाविकाने ते मुळातून वाचावे असे आम्हांस वाटते.

वेरूळच्या श्रीघृष्णेश्वर क्षेत्रापासून जवळच असलेले देवगाव हे त्यांचे जन्मगाव. वडील आऊजी कुलकर्णी व आई जानकी. पुष्कळ काळ संतती नव्हती. वडिलांनी अनुष्ठान केले व त्यानंतर ही कन्या झाली. खेळण्याबागडण्याच्या वयातही तिच्या मुखी देवाचे नाव असे. अगदी बालवयात तिचा विवाह शिऊरच्या पाठक घराण्यातील तीस वर्षांच्या बिजवराशी झाला. पती विद्वान व वेदाभ्यासी होते, परंतु स्वभावाने तापट होते.

पुढे माहेरच्या कुटुंबावर कर्जाचे व भाऊबंदकीचे संकट आले. जावयाने सासरच्या माणसांना सोडविले आणि सर्व मंडळी रातोरात गाव सोडून निघाली. भिक्षा मागत, गोदातीराने, शिंगणापूरच्या महादेवाचे दर्शन घेऊन ते पंढरपुरी आले. तेथून रहिमतपूर व नंतर कोल्हापूर असा प्रवास झाला. कोल्हापुरात आले तेव्हा बहिणाबाई अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. बहिरंभट नावाच्या सज्जन ब्राह्मणाने या कुटुंबाला आपल्या घरी आसरा दिला. कोल्हापूर हे करवीरक्षेत्र. पुराणे, प्रवचने, हरिकथा तेथे नित्य चालत. ज्या अनुभवांनी बहिणाबाईंचे जीवन पालटले त्यांची सुरुवात येथेच झाली.

बहिरंभटांना कोणी एक सवत्स कपिला गाय दान दिली होती. स्वप्नात आज्ञा झाल्यावरून त्यांनी ती पाठकांना दिली. त्या गाईच्या वासराला बहिणाबाईंचा असा काही लळा लागला की त्यांच्या हातून पाणी प्यावे, त्यांच्या हातचा चारा खावा, त्या पाणवठ्यावर निघाल्या की मागे धावावे, आणि त्या कथेला बसल्या की आपणही शेजारी बसावे, असा त्याचा नित्यक्रम झाला. गावात या गोष्टीची चर्चा सुरू झाली. कोणी कौतुक केले, कोणी हसले.

त्या सुमारास वडगावचे जयरामस्वामी कोल्हापुरात कीर्तन करीत होते. समर्थ रामदासस्वामी ज्या पंचायतनात गणले जातात त्यातलेच हे जयरामस्वामी. त्यांच्या कीर्तनात तुकोबांची पदे गायिली जात. एका एकादशीस एका गृहस्थाच्या घरी कीर्तन होते. श्रोत्यांची दाटी झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले. बाहेर वासरू हंबरू लागले आणि आत बहिणाबाईंना रडू आवरेना. स्वामींच्या कानी ही गोष्ट गेली. हरिकथेला आलेल्या जिवाला पशू म्हणून अडवू नये, असे त्यांचे मत पडले. त्यांनी वासराला आत आणविले आणि वासराच्या व मुलीच्या मस्तकावर हात ठेवला.

येथे थोडे विषयांतर करून भावासंबंधी चार शब्द लिहितो. आपल्या शास्त्रकारांनी आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय, म्हणजे देहभान हरपणे. मुळात हा विचार नाट्यशास्त्रातला. पुढे भक्तिमार्गाने तो आपला केला. विश्वरूपदर्शनाच्या प्रसंगी अर्जुनाच्या ठिकाणी हे भाव उमटल्याचे वर्णन ज्ञानेश्वर माउलींनी केले आहे. टाळमृदंगाचा गजर चढत गेला, सर्वांचा एक स्वर लागला, की अनेक भाविकांना अकारण डोळे भरून आल्याचा अनुभव येतो. काहींना तो येत नाही आणि त्याची त्यांना खंत वाटते. ही खंत बाळगण्याचे कारण नाही. हे भाव ओढून आणावयाचे नसतात. बहिणाबाईंच्या बाबतीत तर ते न मागता आले आणि त्यांची मोठी किंमत त्यांना मोजावी लागली.

कीर्तनातील प्रसंगाची वार्ता एका स्त्रीने पतीच्या कानी घातली. आपली पत्नी चारचौघांत रडते, एक कथेकरी तिच्या डोक्यावर हात ठेवतो, लोक तिच्याविषयी बोलतात, हे त्यांना सहन झाले नाही. त्यांनी तिला निर्दयपणे मारले व बांधून ठेवले. बहिणाबाईंनी हे लपविलेले नाही आणि आम्हीही ते सौम्य करून सांगत नाही. त्या काळची रीत म्हणून अशा वागण्याचे समर्थन काही चरित्रकार करतात, ते आम्हांस पटत नाही. तिचे आईवडील त्याच घरात होते, पण ते काही करू शकले नाहीत. गोठ्यात गाईने व वासराने चारापाणी सोडले. बहिरंभटांनी पतीची समजूत घातली व तिला सोडविले. परंतु वासरू पुन्हा सावरले नाही. त्याच्या अंतकाळी बहिरंभटांनी मुक्याला वाचा देणाऱ्या माधवाच्या स्तुतीचा श्लोक अर्धा म्हटला व उरलेला अर्धा त्या वासराच्या मुखातून आला, असे वर्णन गाथेत आहे. भाविकांनी भजन करीत त्या वासराला निरोप दिला.

यानंतर बहिणाबाई निश्चेष्ट पडल्या. चार दिवस शुद्ध नव्हती. वासराचा शोक होताच, पण त्या शोकाच्या तळाशी दुसरी एक ओढ होती. ज्यांची पदे जयरामस्वामींच्या मुखातून ऐकली त्या तुकोबांना पाहावे, एवढा एकच ध्यास मनाने घेतला होता. देहूचे अंतर मोठे, घरचा विरोध त्याहून मोठा. अशा स्थितीत कार्तिक वद्य पंचमीस, रविवारी, त्यांना स्वप्नात तुकोबांचे दर्शन झाले. तुकोबांनी मस्तकी हात ठेवला, कानात रामकृष्णहरी हा मंत्र सांगितला व मंत्रगीता नावाची पोथी दिली. ज्यांना डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते त्यांचा अनुग्रह अशा रीतीने झाला. तुकोबांनाही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला होता, हे भाविकांस ठाऊक आहेच.

स्वप्न ओसरले तरी भाव ओसरला नाही. लोक दर्शनाला येऊ लागले आणि पतीचा संताप अधिकच वाढला. त्यांच्या दृष्टीने प्रश्न केवळ मानापमानाचा नव्हता. वेदपाठी ब्राह्मणाच्या पत्नीने देहूच्या शूद्र वाण्याला गुरू मानावे, ही गोष्ट त्यांच्या साऱ्या विद्येला आव्हान देणारी होती. पत्नी तीन महिन्यांची गर्भवती असताना तिला टाकून तीर्थयात्रेस निघून जाण्याचा निश्चय त्यांनी केला.

बहिणाबाईंच्या मनाची खरी परीक्षा येथे झाली. एकीकडे गुरूची ओढ, दुसरीकडे संसार मोडण्याची वेळ. स्त्रीदेहामुळे वेदाचा अधिकार नाही, मंत्राचा उच्चार नाही, मग आपण परमार्थ साधावा कसा, ही व्यथा त्यांनी अनेक अभंगांतून उघड मांडली आहे. त्यांनी घर सोडले नाही आणि तुकोबांनाही सोडले नाही. पतिसेवा व हरिभजन ही दोन्ही एकाच देहाने करावयाची, असा निर्णय त्यांनी मनाशी केला. आजच्या वाचकांना, विशेषतः भगिनींना, पतिसेवेविषयीचे त्यांचे विचार सर्वस्वी पटतील असे नाही. परंतु मुक्ताबाई, जनाबाई अविवाहित राहून भक्ती करीत होत्या, तर मीराबाईंनी राजगृह सोडले. बहिणाबाईंपुढे यांपैकी कोणताच मार्ग नव्हता. जी वाट होती तीवरच त्यांना देव शोधावा लागला.

पती निघण्याच्या बेतात असतानाच आजारी पडले. कोणतेही औषध लागू पडेना. ज्या पत्नीला टाकावयाचे ठरविले होते तिनेच रात्रंदिवस शुश्रूषा केली. त्या आजारात एका वृद्ध ब्राह्मणाने येऊन, हिला का सोडतोस म्हणून त्यांना बोध केला, असे बहिणाबाई सांगतात. पतीचे मन पालटले. बरे झाल्यावर त्यांनी स्वतःच देहूस जाण्याचा विचार काढला आणि आईवडील, भाऊ व गाय यांसह सर्वजण देहूस आले. तेव्हा श्रीविठ्ठलाच्या देवळात आरती चालली होती व तुकोबा समोर उभे होते. स्वप्नातील तेच रूप प्रत्यक्ष डोळ्यांपुढे होते.

देहूतील मुक्काम सुखाचा नव्हता. तुकोबांना पाण्यात पाहणाऱ्या मंबाजी गोसावी यांनी या कुटुंबाला फार त्रास दिला. त्यांची गाय नेऊन बांधली व मारली. गाईवरील माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, अशी कथा आहे. कोंडाजीपंत नावाच्या गृहस्थाने मात्र या परक्या कुटुंबाच्या भोजनाची सोय केली. उपाशी यात्रेकरूला दोन घास देणाऱ्या या माणसाचे नाव गाथेत राहिले, हे दात्यांनी अवश्य लक्षात घ्यावे.

देहूस कन्या काशी जन्मली. पुढे एकदा बहिणाबाई देवळात तीन दिवस व तीन रात्री ध्यानस्थ बसल्या. या वेळचा अनुभव कोल्हापूरच्या अनुभवाहून वेगळा होता. तेथे भान हरपले होते, येथे भान राहून चित्त स्थिर झाले. पुन्हा तुकोबांचे दर्शन झाले आणि काव्याची प्रेरणा मिळाली. इंद्रायणीत स्नान करून त्या आल्या तो मुखातून अभंग येऊ लागले. एकाच व्यक्तीच्या ठिकाणी भावाची ही दोन रूपे दिसतात. पहिले वादळासारखे होते, दुसरे शांत होते. गाथेचा जन्म त्या शांत भावातून झाला.

शके 1571 मध्ये तुकोबांचे प्रयाण झाले. त्यानंतरचे दीर्घ आयुष्य बहिणाबाईंनी प्रपंचात राहून नामस्मरणात घालविले. पुत्र विठ्ठल हा त्यांचा शिष्यही झाला. वारकरी संप्रदायाला मंदिराची उपमा देऊन ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंतची परंपरा सांगणारा त्यांचा अभंग आजही कीर्तनांतून सर्वत्र म्हटला जातो. कित्येकदा म्हणणाऱ्यांना तो कोणाचा हे ठाऊक नसते. याशिवाय जन्मावरून ब्राह्मण्य ठरत नाही असे प्रतिपादणाऱ्या वज्रसूचिकोपनिषदाचे त्यांनी मराठीत विवरण केले. ज्या प्रश्नावरून घर मोडावयाची वेळ आली होती त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी अशा रीतीने शास्त्राधारे दिले. गाथा प्रथम 1914 साली छापली गेली, व 1929 साली जस्टिन अॅबट यांनी आत्मचरित्राचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला.

वयाच्या बाहत्तराव्या वर्षी आपला अंतकाळ जवळ आल्याचे त्यांनी ओळखले. त्या वेळी सून रुक्मिणी हिचे निधन झालेले होते व विठ्ठल तिच्या उत्तरक्रियेसाठी गोदातीरी शुक्लेश्वरी गेला होता. बहिणाबाईंनी पत्र पाठवून त्याला बोलावून घेतले. तो आल्यावर त्याला जवळ बसवून त्यांनी आपल्या मागील बारा जन्मांची कथा सांगितली व हा तेरावा जन्म शेवटचा असे सांगितले. लहानपणी वासराच्या वियोगाने चार दिवस बेशुद्ध पडलेली ती मुलगी आता स्वतःच्या मृत्यूच्या वेळी पूर्ण सावध होती. शोकाकुल पुत्राला त्याच समजावीत होत्या. शके 1622, आश्विन शुद्ध प्रतिपदेस त्यांनी देह ठेवला.

त्यांची पुण्यतिथी दरवर्षी या तिथीस, म्हणजेच घटस्थापनेच्या दिवशी येते. घृष्णेश्वर व वेरूळ लेण्यांच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांनी, सवड असल्यास, कन्नड तालुक्यातील देवगाव (रंगारी) हे जन्मस्थान व पुढे शिऊर येथील समाधी अशी यात्रा जोडून करावी.