जमीन विकायची नाही, पण भांडवल तर पाहिजे! ५० डॉलरच्या नोटेवरच्या माओरी नेत्यानं काढलेली वाट

न्यूझीलंडची ५० डॉलरची नोट कधी हातात आली, तर त्यावरचा चेहरा नीट बघा. तो ना राजाचा आहे, ना पंतप्रधानाचा. तो आहे एका माओरी वकिलाचा, सर अपिराना न्गाटा यांचा.

या माणसानं आयुष्यभर एकाच प्रश्नाशी झुंज दिली. जमीन आपली आहे, पण ती पिकवायला पैसा नाही. पैसा हवा तर जमीन विका. आणि जमीन विकली तर मग आपलं म्हणून उरलं काय?

आज जगभरात मूळनिवासी समाज मोठ्या प्रकल्पांत मजूर म्हणून नाही, तर भागीदार म्हणून उतरायला लागलेत. या गोष्टीची मुळं शोधायला गेलं की न्गाटांचं नाव येतंच.

न्गाटांचा जन्म ३ जुलै १८७४ चा, न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरच्या पूर्व किनाऱ्यावरचा. जमात न्गाटी पोरो. घरच्यांनी पोराला इंग्रजांची विद्या शिकायला पाठवलं आणि पोरानंही कमाल केली. १८९३ मध्ये बीए झाले, १८९६ मध्ये कायद्याची पदवी घेतली. न्यूझीलंडच्या विद्यापीठातून पदवी पूर्ण करणारे ते पहिले माओरी.

शहरात वकिली केली असती तर बक्कळ पैसा मिळाला असता. पण ते गावाकडे परतले, कारण गावाकडची परिस्थिती बिकट होती.

१८९६ च्या जनगणनेत माओरी लोक उरले होते फक्त ४२ हजारांच्या आसपास. हा समाज आता संपणार, असं अनेक गोरे लोक उघडपणे म्हणत होते. आणि माणसांसोबत जमीनही हातातून जात होती.

ती कशी जात होती, ते समजून घ्या.

माओरींची जमीन पूर्वापार जमातीची, सगळ्यांची मिळून. १८६५ मध्ये सरकारनं माओरी जमिनींसाठी वेगळं कोर्ट काढलं आणि सामूहिक हक्काच्या जागी माणसागणिक मालकी लावायला सुरुवात केली. कागदावर एकेकाचं नाव लागलं, की एकेकाला गाठून त्याचा हिस्सा विकत घेणं सोपं झालं. जे उरलं त्याचे वारसाहक्कानं तुकडे पडत गेले. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर वीस नावं असली की कर्ज काढताना काय हाल होतात, ते आठवा. तिथं ही नावं शेकड्यांत जायची.

त्यात १८९४ मध्ये सरकारनं शेतकऱ्यांना स्वस्त कर्ज द्यायची योजना आणली. फायदा झाला गोऱ्या वसाहतवाल्यांचा. माओरींच्या गुंतागुंतीच्या मालकीवर कर्ज द्यायला कुणी तयार नव्हतं.

मग न्गाटांनी हाच गुंता उलट्या बाजूनं पकडला.

समजा एका जमिनीचे २०० मालक आहेत. त्यांना २०० तुकडे वाटून देण्याऐवजी जमीन एकत्रच ठेवायची आणि प्रत्येकाला त्याच्या हक्काइतके शेअर द्यायचे. कारभार मालकांनी निवडलेली समिती बघणार. कर्ज समितीच्या नावावर मिळणार, नफा हिश्श्याप्रमाणे वाटला जाणार. म्हणजे जमातीची जमीन हीच जमातीची कंपनी.

ही कल्पना काही त्यांच्या एकट्याची नव्हती. १८९४ च्या कायद्यात तशी तरतूद होती. पण ती गावोगाव नेऊन लोकांच्या गळी उतरवायचं काम न्गाटांनी केलं. सोबत विखुरलेले हिस्से अदलाबदल करून एका जागी आणायची मोहीमही चालवली.

१९०५ मध्ये ते खासदार झाले आणि पुढची ३८ वर्षं निवडून येत राहिले. इकडे पूर्व किनाऱ्यावर मेंढ्यांचे कळप वाढले. १९२० च्या दशकात रुआटोरिया गावात न्गाटी पोरोंची स्वतःची डेअरी कंपनी उभी राहिली. 'नाटी' नावाचं त्यांचं लोणी बाजारात आलं.

पण एका जमातीचं भागलं म्हणून सगळ्यांचं भागत नाही. बाकीच्यांना भांडवल कोण देणार?

१९२७ मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला. १९२८ मध्ये ते माओरी खात्याचे मंत्री झाले आणि १९२९ मध्ये त्यांनी कायदाच बदलून घेतला. आता सरकारी पैसा थेट माओरी जमिनीत येणार होता. जंगल साफ करणं, कुंपण, गवत, जनावरं, घरं, सगळ्यासाठी. त्याच वर्षी काही आठवड्यांच्या अंतरानं त्यांचा थोरला मुलगा आणि पत्नी आरिहिया दोघंही गेले. तरीही काम थांबलं नाही. वायकाटो भागात ते पुआ हेरांगी यांच्यासारख्या नेत्या या योजनेत पुढे होत्या.

पण या पैशाला एक अट चिकटलेली होती. योजना चालू असेपर्यंत जमिनीचा ताबा सरकारी खात्याकडे. मालकांनी मध्ये बोलायचं नाही आणि झालेला खर्च जमिनीवर कर्ज म्हणून चढणार. ज्या माणसानं मालकांना शेअरहोल्डर बनवलं, त्याच्याच योजनेत मालक बाजूला पडले.

त्यात न्गाटांना घाई होती. फायली, मंजुऱ्या, हिशेब यांत वेळ घालवणं त्यांना पटत नव्हतं. एका हाताखालच्या माणसानं खोटे हिशेब लिहिले. १९३४ मध्ये चौकशी आयोग बसला. नियम धाब्यावर बसवले आणि आपल्याच जमातीला झुकतं माप दिलं, असा ठपका न्गाटांवर आला. हाताखालच्यांची जबाबदारी स्वतःवर घेत त्यांनी राजीनामा दिला. १९४३ मध्ये खासदारकीही गेली. १४ जुलै १९५० रोजी वायोमाटाटिनीच्या आपल्या घरी त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

मग सगळं वाया गेलं का? तर नाही.

१९९२ मध्ये मासेमारीच्या हक्कांवरून माओरी आणि सरकार यांच्यात मोठी तडजोड झाली. सरकारनं १५ कोटी डॉलर दिले आणि त्यातून माओरींनी 'सीलॉर्ड' या मासेमारी कंपनीचा निम्मा हिस्सा घेतला. उरलेला निम्मा ब्रायर्ली या खासगी गुंतवणूक कंपनीचा. अनेक माओरींना ही तडजोड पटली नाही, हक्क स्वस्तात गेले असा त्यांचा आक्षेप होता. पण समाज म्हणून एकत्र शेअर धरायचे आणि बाहेरच्या भांडवलासोबत बसायचं, ही वाट जुनीच होती.

न्गाटांच्या आयुष्यातून दोन गोष्टी कळतात. सामूहिक मालकी म्हणजे प्रगतीतली अडचण, हे खरं नाही. तिला शेअरचं रूप देता येतं. आणि दुसरी गोष्ट, जी त्यांना महागात पडली: बाहेरून पैसा आणताना हिस्सा किती मिळतोय हे तर बघाच, पण निर्णय कोण घेणार, हे त्याच्याही आधी विचारा.