डिझेल नावाचा माणूस

डिझेल हे आधी एका माणसाचे आडनाव आहे, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही. पंपावर गाडी उभी करून आपण ते नाव घेतो आणि भाव वाढला की त्याच नावाने बोटे मोडतो. जव्हार तालुक्यातले जामसर हे डोंगरातले गाव. तिथून समुद्र दिसत नाही. पण तिथल्या रस्त्यावरून एसटी धावते, उन्हाळ्यात टंचाई असलेल्या पाड्यांकडे पाण्याचे टँकर जातात, लग्नात वीज गेली तर जनरेटर धडधडू लागतो. हे सारे त्या माणसाच्या बुद्धीवर चालते. घाट उतरून पश्चिमेला गेले की याच पालघर जिल्ह्याचा किनारा लागतो. सातपाटी, डहाणूच्या नौका पापलेट आणि बोंबील घेऊन बंदराला लागतात, त्याही त्याच्याच इंजिनावर. इतक्यांना घरी पोहोचवणारा हा माणूस स्वतः मात्र एका बोटीवरून नाहीसा झाला.

बँकेत उभी हयात गेल्यामुळे कोणाचेही चरित्र वाचताना मला त्यातली जमेची आणि नावेची बाजू दिसू लागते. रुडॉल्फ डिझेलच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. उष्णतेचा हिशेब त्याच्याइतका काटेकोर ठेवणारा माणूस विरळा. पैशाचा हिशेब मात्र त्याला कधी जमला नाही.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे जर्मन. वडील कातडी वस्तू तयार करीत. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधल्या जर्मनांना शहर सोडावे लागले. कुटुंब लंडनला गेले. तिथे ओढाताण सुरू झाली, तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. त्या घरचे यजमान गणिताचे शिक्षक होते. परक्याच्या दारी वाढलेल्या या मुलाने अभ्यास हाच आपला आधार मानला. प्रत्येक परीक्षेत पहिला येत, शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाला.

तिथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू भेटले. बर्फ तयार करणारी यंत्रे बनवणारे हे थोर शास्त्रज्ञ. त्यांच्या व्याख्यानांतून एक गोष्ट रुडॉल्फच्या मनात रुतून बसली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनात जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामी येई. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि वाफेतून वाया जाई. शंभर रुपये खर्चून दहाचे काम मिळावे, हा व्यवहार त्या तरुणाला पटेना. पुढे लिंडे यांच्या बर्फाच्या कारखान्यात नोकरी करताना आणि संसार सांभाळतानाही हा नव्वदांचा तोटा त्याच्या डोक्यातून गेला नाही.

त्याची कल्पना समजायला सायकलचा पंप पुरेसा आहे. हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, कारण दाबलेली हवा तापते. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दाबतात आणि ठिणगी पाडून ते पेटवतात. तिथे दाब फार वाढवता येत नाही, कारण मिश्रण अवेळी पेटण्याची भीती असते. रुडॉल्फने ठरवले की आधी नुसती हवाच दाबायची. ती इतकी दाबायची की आत तेलाचा फवारा मारताच ते आपोआप पेटावे, ठिणगी लागूच नये. दाब जितका जास्त, तितका उष्णतेतून कामाचा वाटा मोठा. फेब्रुवारी १८९३ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याने त्याला प्रयोगासाठी जागा दिली.

ऑगस्ट १८९३ मधल्या पहिल्याच प्रयोगात स्फोट झाला आणि दाब मोजणारे उपकरण फुटले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर फिरले, तेही मिनिटभर. नंतरची तीन वर्षे दुरुस्त्यांत गेली. योगायोग असा, की १८९७ च्या १७ फेब्रुवारीलाच प्राध्यापक श्रोटर यांनी त्या इंजिनाची रीतसर तपासणी केली. तेलातल्या शंभर भाग उष्णतेपैकी २६ भाग कामात उतरले होते. असे आकडे तोवर कोणी पाहिले नव्हते.

पण इंजिन नावेत बसवायचे म्हटले की हिशेब जरा बदलतो. नावेला दोन गोष्टी हव्या असतात, वेग आणि भरवसा. वेगासाठी इंजिन हलके असावे लागते, कारण वेगवान नावेने पाण्यावर उचलून धावायचे असते. प्रचंड दाब सोसण्यासाठी डिझेलच्या इंजिनाच्या भिंती जाड कराव्या लागत. शिवाय तेल फवारायला त्या काळी हवा दाबणारे वेगळे यंत्र जोडावे लागे. त्यामुळे ते जडशीळ होई. पेट्रोल इंजिन हलके आणि चपळ. डाइमलर आणि मायबाख यांनी १८८६ मध्येच ते नावेत बसवले होते. १९०३ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क बंदरात मोटरबोटींची हार्म्सवर्थ शर्यत झाली. तीत ताशी एकतीस किलोमीटरच्या वेगाने पहिली आलेली नाव पेट्रोलचीच होती.

त्याच कॉर्क बंदरात दोन वर्षांनी, १९०५ मध्ये, पेट्रोलची दुसरी बाजू दिसली. ब्रिटिश नौदलाच्या ए-५ या पाणबुडीत पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होऊन खलाशी मृत्युमुखी पडले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती नावेच्या तळाशी साचते आणि एखादी ठिणगी पुरते. डिझेल तेल इतक्या सहज पेट घेत नाही. शिवाय तितक्याच इंधनात नाव अधिक दूर जाते. म्हणून हळूहळू पाणबुड्या डिझेलकडे वळल्या. १९०३ मध्ये व्होल्गा नदीवर वांदाल हे तेलवाहू जहाज डिझेलवर चालू लागले होते. १९१२ मध्ये डेन्मार्कचे सेलांडिया हे मोठे जहाज धुराड्याशिवाय कोपनहेगनहून बँकॉकला निघाले, तेव्हा वाफेच्या युगाचा शेवट जवळ आल्याचे जाणत्यांनी ओळखले.

वेगाच्या क्षेत्रातही ही चुरस पुढे चालू राहिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पी. टी. बोटी पेट्रोलवर, तर जर्मनीच्या टॉर्पेडो नौका डिझेलवर धावत. वेग दोन्हींचा चाळीस नॉटच्या आसपास. गोळी लागल्यावर आगीचा धोका मात्र पेट्रोलच्या नावेला अधिक. आजही छोट्या, हलक्या स्पीडबोटीच्या मागे बहुधा पेट्रोलचेच इंजिन असते. दिवसच्या दिवस समुद्रात राहायचे, जाळी ओढायची आणि परतायचे असेल, तर कोणी डिझेलवाचून दुसरा विचार करीत नाही.

रुडॉल्फचे स्वप्न मात्र युद्धनौकांचे नव्हतेच. मोठे वाफेचे इंजिन गिरणीमालकालाच परवडते, म्हणून छोटा कारागीर बुडतो, हे त्याने पाहिले होते. त्या कारागिराच्या हाती स्वस्तात चालणारे इंजिन द्यावे, अशी त्याची इच्छा होती. कामगारांनी थोडे थोडे पैसे जमवून स्वतःचे उद्योग काढावेत, असे सांगणारे पुस्तकही त्याने १९०३ मध्ये लिहिले. ते फारसे कोणी विकत घेतले नाही. पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनात डिझेलचे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. ज्या देशांत खनिज तेल नाही, तिथे शेतातले तेल एक दिवस कामी येईल, अशी पुढे त्याची धारणा झाली.

पैसा आला आणि भरपूर आला. अमेरिकेतल्या हक्कांसाठीच दहा लाख मार्क मिळाले. म्युनिकमध्ये त्याने मोठा बंगला बांधला. पण पेटंटवरून वाद झाले, पहिल्या इंजिनांच्या तक्रारी आल्या, मनावरच्या ताणाने त्याला उपचार घ्यावे लागले. जमिनींच्या आणि तेलविहिरींच्या व्यवहारांत पैसा बुडाला. बाहेर दबदबा होता, आत खाती रिकामी होत होती. हे त्याने घरी कळू दिले नाही.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून ड्रेस्डेन या वाफेच्या बोटीने इंग्लंडला निघाला. सोबत दोन सहकारी होते. जेवण झाले, गप्पा झाल्या. सकाळी सव्वासहाला उठवण्यास सांगून तो दहाच्या सुमारास आपल्या खोलीत गेला. सकाळी खोली रिकामी होती. बिछान्याला पाठ लागलेली नव्हती. डेकवर कठड्यापाशी त्याची टोपी आणि कोट मिळाला. दहाएक दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू काढून घेऊन खलाशांनी देह पुन्हा समुद्राच्या स्वाधीन केला. त्या वस्तू मुलाने ओळखल्या. तो दिवस दैनंदिनीत फुलीने खुणावलेला होता. अपघात, घातपात असे बरेच तर्क लढवले गेले. पंचावन्नाव्या वर्षी, कर्जाच्या ओझ्याखाली त्याने स्वतःच जीवन संपवले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

त्याचे स्वप्न पुरे केले ते इतरांनी. बॉश कंपनीचा तेल फवारणारा पंप १९२७ मध्ये बाजारात आला आणि इंजिन आटोपशीर झाले. जपानच्या मागोकिची यामाओका यांनी १९३३ मध्ये छोट्या शेतकऱ्याला परवडेल असे लहान डिझेल इंजिन तयार केले. आपल्याकडे त्याच दशकात साताऱ्याच्या कूपर कारखान्यात डिझेल इंजिने बनू लागली. १९४६ मध्ये शंतनुराव किर्लोस्करांच्या पुढाकाराने पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, मग नौकेत ही इंजिने बसली. स्वातंत्र्यानंतर कोळी बांधवांच्या शिडाच्या होड्यांना यंत्र मिळाले आणि वाऱ्याची वाट पाहणे संपले.

नावेच्या बाजूलाही नोंदी आहेतच. डिझेलचा धूर छातीला घातक आहे. इंजिने दणकट झाली तशी मासेमारी खोल समुद्रात गेली आणि मासळी घटू लागली. २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले, त्यामागे हीच चिंता होती. हिशेब मांडायचा तर हेही लिहिले पाहिजे.

तरीही किनाऱ्यावर मच्छीमार सहकारी संस्थेच्या पंपावर डिझेल भरून नौका निघतात, तेव्हा मला त्या न खपलेल्या पुस्तकाची आठवण होते. छोट्या माणसाचे इंजिन आणि छोट्या माणसांनी मिळून चालवलेली संस्था, ही त्याची दोन्ही स्वप्ने तिथे एका जागी दिसतात. त्याला हे पाहायला मिळाले नाही. त्याची कबरही कुठे नाही. ऑग्सबर्गच्या एका बागेत मात्र त्याच्या स्मरणार्थ जपानहून आणलेले दगड मांडलेले आहेत. १९५७ मध्ये ते तिथे पाठवले यामाओकांनी, एका इंजिनवाल्याने दुसऱ्याचे ऋण मानून.